कुत्र्या-मांजराचं दुखणं सुरुवातीलाच कसं ओळखायचं: घरच्या घरी करायची तपासणी

आमच्याकडे संध्याकाळी दुधाची पिशवी कापायला कात्री उचलली की आमचा कुत्रा शेरू जिथे असेल तिथून स्वयंपाकघराच्या दारात हजर, हा पाच वर्षांचा शिरस्ता. मागच्या जुलैमध्ये एक दिवस कात्री वाजली, दूध तापलं, उतूसुद्धा गेलं, आणि हा बाल्कनीतच पडून. मी म्हटलं पाऊस आहे, आळसावलाय. दुसऱ्या दिवशी पोळी खाल्ली पण कडा तशाच सोडल्या. आईने नाकाला हात लावून निकाल दिला, "नाक गार आहे की रे, काही नाही झालेलं त्याला." चौथ्या दिवशी सकाळी पांढऱ्या फरशीवर रक्ताचे थेंब, नाकातून. गोचीडताप निघाला. प्लेटलेट २२ हजार, कुत्र्याच्या साधारण २ ते ५ लाख असतात.

शेरू वाचला, आत्ता हे टाइप करतोय तेव्हा पायाशीच घोरतोय. पण त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "एरवी वजन किती असतं याचं? पाणी रोज किती पितो? हिरड्या अशाच फिक्या असतात का?" आणि मला यातल्या एकाचंही उत्तर देता आलं नाही. रोज ज्याच्या अंगावर हात फिरवतो त्याच्या हिरड्या कुठल्या रंगाच्या आहेत हे मला माहीत नव्हतं.

तर सगळी गंमत इथेच आहे. कुत्रं-मांजर दुखणं अंगावर काढतं, मांजर तर लपवतंच. लक्षणांची यादी गुगलवर ढीगभर मिळते, पण आपलं जनावर बरं असताना कसं असतं हे माहीत नसेल तर ती यादी काय कामाची? म्हणून पहिली पायरी आजारपणाची नाहीच, तब्येत ठणठणीत असतानाची आहे.

पायरी १: बरं असतानाचे आकडे लिहून ठेवा

एक रविवार पकडा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, वहीत, फोनमध्ये, कुठेही लिहा पण लिहा, डोक्यात राहत नाही.

वजन: आधी तुम्ही एकटे वजनकाट्यावर, मग त्याला उचलून घेऊन, वजाबाकी करा. महिन्यातून एकदा पुरे. ४ किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम कमी झालं तर आपल्याला वाटतं एवढंसंच तर आहे, पण ते दहा टक्के झाले, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे ७ किलो. मांजराला घरचा काटा जरा ढोबळ पडतो, किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा मिळाला तर उत्तम (आमचा वाणी हसतो पण देतो).

श्वास: हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी लोक करतात असा प्रकार. गाढ झोपलेलं असताना छाती वर-खाली होते ते एक, असं ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. कुत्रा असो की मांजर, गाढ झोपेत मिनिटाला ३० च्या आत पाहिजे. स्वप्न बघत पाय हलवत असेल तेव्हा मोजू नका, खेळून आल्यावर पण नको. दोन-तीन वेळा मोजून रोजच ३० च्या वर येत असेल तर हृदय किंवा फुप्फुसाकडे बघायला हवं, खोकला सुरू व्हायच्या आधी हे समजतं.

हिरड्या: ओठ हळूच वर उचला. गुलाबी आणि ओलसर असायला हव्यात. बोटाने दाबून सोडा, पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघा. उजेडात फोटो काढून ठेवा, पुढे तुलना करायला फार उपयोगी पडतो.

ताप: नाक गार म्हणजे बरा हे आमच्या आईसकट निम्म्या महाराष्ट्राचं शास्त्र आहे आणि ते खोटं आहे. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचं नाक कोरडं-गरम असू शकतं आणि आजारी कुत्र्याचं गार असू शकतं. ताप मोजायचा तर डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन, शेपटी हळूच वर करून गुदद्वारात साधारण एक इंच. एकाने पुढून मान-खांदे धरायचे आणि तोंडासमोर काहीतरी चाटायला द्यायचं. कुत्र्याचं १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट हे नॉर्मल, मांजराचंही जवळपास तेवढंच, म्हणजे आपल्याला जो ताप वाटतो तो त्यांचा रोजचा. १०३ च्या वर ताप समजा, १०४ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. ९९ च्या खाली गेलं तर ते तापापेक्षा जास्त गंभीर. आणि हो, त्या थर्मामीटरवर मार्करने मोठ्ठं 'शेरू' लिहा, हे मी अनुभवाने सांगतोय, जास्त खोलात जात नाही.

पाणी: सकाळी भांडं मापून भरा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पितो. किलोमागे १०० च्या वर जायला लागला तर काहीतरी आहे. मांजराच्या बाबतीत किलोमागे ५० मिलीच्या आसपास आकडा गेला तरी सावध व्हा, कारण मांजर मुळात कमी पितं, ओलं खाणं खाणारं तर जवळजवळ पीतच नाही.

पायरी २: आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, नाकापासून शेपटीपर्यंत

अंघोळीच्या दिवशी किंवा टीव्हीसमोर, दोघंही निवांत असताना. त्याला वाटतं लाड चाललेत, आपली तपासणी होऊन जाते.

डोळ्यांपासून सुरू करा. सकाळी कोपऱ्यात थोडं सुकलेलं असतं ते चालतं, पण हिरवट-पिवळा चिकट स्राव, एक डोळा मिचकावणं, किंवा मांजराच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा अर्धा वर आलेला दिसणं हे नॉर्मल नाही. पिल्लाच्या डोळ्यातून-नाकातून घट्ट शेंबूड आणि सोबत ताप असेल तर डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) असू शकतो, तिथे एक दिवससुद्धा घालवू नका.

कानात नाक घाला, खरंच, वास घ्या. आंबूस वास, कॉफीच्या गाळासारखा मळ, सारखं डोकं झटकणं म्हणजे कान बिघडलाय. लॅब्रेडोर आणि कॉकर स्पॅनियलसारख्या लोंबत्या कानांच्यांना पावसाळ्यात हे हमखास होतं. इअरबड घालून खरवडू नका, मळ अजून आत जातो.

तोंडाचा वास थोडाफार येणारच, पण अचानक वाढला, लाळ गळायला लागली, एकाच बाजूने चावतोय, कडक बिस्कीट तोंडात घेऊन खाली टाकतोय, तर दात किंवा हिरडी दुखतेय. भूक असते, खाता येत नाही, आणि आपण म्हणतो नखरे करतोय.

मग अंग. हात उलट्या दिशेने फिरवा, केसांच्या मुळाशी. गाठ लागली तर कुठे आणि केवढी (वाटाणा, हरभरा, लिंबू) ते लिहा, पुढच्या महिन्यात वाढली का हे तेव्हाच कळेल. गोचिडी बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, काखेत आणि पट्ट्याखाली असतात, पाठीवर फारशा सापडत नाहीत. गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. रॉकेल ओतणं, उदबत्तीचा चटका देणं, बोटांनी फोडणं यातलं काही करू नका. आणि एक गोष्ट कुत्रं-मांजर दोन्ही असलेल्यांनी लक्षात ठेवा, कुत्र्यासाठीची परमेथ्रिन असलेली गोचिडीची औषधं मांजराला लागली तर मांजर दगावू शकतं. फिनेलने पुसलेली ओली फरशी पण मांजरासाठी वाईट, ते पाय चाटतं ना.

शेवटी मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच जागेवर बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय. म्हाताऱ्या किंवा अगदी हडकलेल्या जनावरात ही टेस्ट फसवते, त्यांच्या हिरड्या कोरड्या-चिकट लागतात का ते बघा.

पायरी ३: रोजच्या वागण्यातला बदल

इथे डॉक्टरांपेक्षा तुम्हीच जास्त हुशार. कुकरच्या शिट्टीला उठणारा उठला नाही, बेल वाजली तर नुसती मान वर करून परत ठेवली, जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकला, सोफ्यावर उडी मारायच्या आधी दोनदा विचार केला. म्हातारा झालाय म्हणून सोडून देऊ नका, सांधे दुखत असतात. एकाच पायाचा एकच भाग सारखा चाटतोय, रात्री थंडीत पण धापा टाकत येरझाऱ्या घालतोय, ही सगळी दुखण्याचीच भाषा.

मांजराचं वेगळं. फ्रिजवर चढणारं मांजर खुर्चीवरच थांबायला लागतं, अंग चाटणं सोडतं त्यामुळे पाठीवरचे केस गुंतायला लागतात, कपाटाखाली जाऊन पाय पोटाशी घेऊन पोळीच्या डब्यासारखं बसून राहतं. चेहराही बघायला शिका. मॉन्ट्रियल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली, त्यात पाचच गोष्टी बघतात: कान बाजूला वळून चपटे झालेत का, डोळे अर्धवट मिटलेत का, तोंडाचा भाग ताणलाय का, मिशा सरळ ताठ झाल्यात का आणि डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. एकदा हे डोक्यात बसलं की लांबून पण कळतं.

खाण्याबद्दल एक नियम पाठ करून ठेवा. मोठ्या कुत्र्याने एक वेळ जेवण सोडलं आणि बाकी उड्या मारतोय तर चालतं. मांजर पूर्ण २४ तास काहीच खात नसेल तर फोन करा, विशेषतः गुबगुबीत मांजर, कारण उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि मूळ आजार राहिला बाजूला, यकृतच बंद पडायला लागतं. दोन-तीन दिवसांत ही वेळ येऊ शकते. उलट म्हातारं मांजर भरपूर खातंय आणि तरी वाळत चाललंय तर आनंद मानू नका, थायरॉइड किंवा डायबेटिस तपासायला हवा.

पाणी जास्त प्यायला लागला की उन्हाळा आहे म्हणून आपण खूश होतो. मूत्रपिंड आणि साखर हे दोन संशयित असतातच, पण ऑपरेशन न केलेली कुत्री असेल, माजावर येऊन चार ते आठ आठवडे झाले असतील आणि ती आता खूप पाणी पितेय, मलूल आहे, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर स्राव दिसेलच असं नाही, गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर पू आतच साठतो आणि तेच जास्त धोक्याचं.

पायरी ४: शी-शू बघायला लाजू नका

काळी डांबरासारखी शी म्हणजे पोटात किंवा लहान आतड्यात वरच्या बाजूला रक्तस्राव, लाल रक्त म्हणजे खालच्या आतड्यात. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखं काही हलताना-सुकलेलं दिसलं तर तो चपटा जंत, आणि तो पिसवांमुळे होतो, तेव्हा जंताच्या गोळीबरोबर पिसवांचंही बघा नाहीतर महिन्याभरात परत तेच.

पहाटे रिकाम्या पोटी एकदा पिवळा फेस ओकला आणि नंतर नाश्त्यावर तुटून पडला तर फार काही नाही. दिवसात तीन-चार उलट्या, रक्त, किंवा पाणी पण टिकत नाही असं असेल तर थांबायचं नाही. लस पूर्ण न झालेलं दोन-चार महिन्यांचं पिल्लू आधी जेवण सोडतं, मग उलट्या, मग रक्ताची पाण्यासारखी शी, तिला एक विचित्र सडका वास येतो तो एकदा घेतला की विसरत नाही. हा पार्व्हो, विषाणूचा आजार. इथे दहीभात देऊन बघू म्हणत रात्र काढली की पिल्लू हातचं जातं.

शू कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर बाटलीत घेऊन सरळ डॉक्टरांकडे. गोचिडीतून होणारा बबेसिया किंवा पावसाळ्यातला लेप्टो, दोन्हीत असं होऊ शकतं. लेप्टो उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो आणि तो माणसालाही होतो, म्हणून अशा वेळी साफसफाई हातमोजे घालूनच करा.

आता बोक्यांचं, हे नीट वाचा. शेजारच्या काकूंचा गुंड्या नावाचा बोका दिवसभर वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, जोर करायचा, ओरडायचा, बाहेर यायचा, पाच मिनिटांनी परत आत. काकूंना वाटलं बद्धकोष्ठ, म्हणून कोमट दुधात तूप पाजलं. मी सहज गेलो होतो, ट्रे पाहिला तर वाळू कोरडी ठणठणीत, सकाळपासून शूने भिजलेल्या वाळूचा एक गोळा नाही. पोटाला हात लावला तर आत लिंबापेक्षा मोठा टणक गोळा, आणि तो गुरकावला. शू अडकली होती. बोक्याचा मूत्रमार्ग अगदी अरुंद असतो, खडे किंवा चिकट बुळबुळीत गाळ अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. रिक्षात बसताना काकू म्हणत होत्या, "अरे उद्या सकाळी नेलं असतं की." नळी घालून तीन दिवस ठेवावं लागलं त्याला. तेव्हा बोका जोर करतोय आणि ट्रे कोरडा, एवढं दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

पायरी ५: थांबायचं की निघायचं

तासाभरात निघायचं ते असं: हिरड्या पांढऱ्या, निळ्या किंवा राखाडी, मांजर तोंड उघडून श्वास घेतंय, फिट आली आणि पाच मिनिटांत थांबत नाही किंवा लागोपाठ येतेय, वर सांगितलेला बोका, मागचे पाय अचानक लुळे. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं फुगलंय आणि तो ओकायचा प्रयत्न करतोय पण काहीच पडत नाही, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो, तिथे तास मोजून असतात. विष पोटात गेल्याची शंका असेल तर लक्षणांची वाट बघूच नका. उंदीर मारायच्या बऱ्याच वड्यांचं विष रक्त गोठू देत नाही आणि त्याचा परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो, तोवर कुत्रा मजेत असतो. पाकीट सोबत न्या.

उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे (आणि आता पुण्यात पण) पगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे दुपारी फिरवून आणले आणि ते लडखडायला लागले तर आधी साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा, आणि तसंच ओलं गाडीत घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

त्याच दिवशी न्यायचं: १०४ ताप, हिरड्या किंवा डोळे पिवळे, नाकातून रक्त, पोटावर लाल-जांभळे ठिपके, पिल्लाची उलटी-जुलाब, २४ तास उपाशी मांजर. पॉमेरेनियनचा बदक ओरडल्यासारखा खोकला श्वासनळीचा असू शकतो, हिरड्या गुलाबी असतील तर दुसऱ्या दिवशी नेलं तरी चालतं, पण गळ्यातला पट्टा तेव्हापासूनच काढा आणि छातीचा हार्नेस वापरा.

आणि वागणं एकदम उलटं झालं, शांत कुत्रा कारण नसताना चावतो, आवाज घोगरा झाला, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, तर घशात हाड अडकलं का म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीजची शंका आधी. चावलं असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी माणसाची लस सुरू करायची, घरचा कुत्रा आहे म्हणून सोडायचं नाही.

घरी काय द्यायचं? पाणी. बाकी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नाही. पॅरासिटामॉलची ५०० ची एक गोळी मांजराला मारायला पुरते. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाची आणि किडनीची वाट लावतं. हळद-दूध, कांद्याचा रस, लसूण हे घरगुती इलाज पण नकोत, कांदा-लसणाने त्यांच्या लाल पेशी फुटतात.

पायरी ६: डॉक्टरकडे जाताना

खोकला, लंगडणं, फिट यांचा व्हिडिओ काढा, कारण टेबलावर चढवलं की तेच कुत्रं अगदी शहाण्यासारखं उभं राहतं. शीचा फोटो चालतो, नमुना असेल तर अजून चांगलं. लसीची वही घ्या. कधीपासून, किती वेळा, शेवटचं काय खाल्लं, हे तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, आणि घरी काही गोळी दिली असेल तर खरं सांगा, ओरडा बसला तर बसला.

रात्री उघडं असणारं क्लिनिक कुठे आहे हे आजच शोधून नंबर सेव्ह करा. खाजगी परवडत नसेल तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं, सगळीकडे दवाखाना असतो. रांग असते, पण तपासण्या स्वस्तात होतात.

मधल्या काळात औषध बंद करायचा मोह आवरा. शेरू तिसऱ्या दिवशी कात्रीच्या आवाजाला आला, आईने लगेच "झालं की बरं" म्हटलं, पण डॉक्टरांनी २८ दिवस सांगितले होते म्हणजे २८ दिवस, गोळी पेढ्यात, केळ्यात, शेवटी चीजमध्ये लपवून.

आणि मांजरवाल्यांनो, ती जाळीची बास्केट माळ्यावरून आजच खाली काढा. हॉलमध्ये उघडी ठेवा, आत जुना टॉवेल टाका, दोन दाणे टाका, आठवडाभरात ती स्वतःच आत जाऊन झोपायला लागेल. नाहीतर ऐन वेळी ती कपाटामागे आणि तुम्ही झाडू घेऊन फरशीवर पालथे, आणि तिकडे क्लिनिक बंद व्हायला वीस मिनिटं राहिलेली.